वेदीमागच्या खोलीतलं काम: चर्चमधला सॅक्रिस्टन नेमकं काय करतो?

८ मे २०२५ च्या रात्री नवे पोप लिओ चौदावे व्हॅटिकनच्या सज्जात आले, तेव्हा मुंबईतही अनेक घरांत टीव्ही चालू होते. त्यांच्या खांद्यांवर आखूड लाल केप होती आणि गळ्यात भरजरी पट्टा. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस त्याच सज्जात साध्या पांढऱ्या झग्यात आले होते. हा फरक लगेच लक्षात आला आणि त्यावर पुष्कळ बोललं गेलं. पण निवडून कोण येणार हेच ठाऊक नसताना नव्या पोपच्या मापाचे कपडे तयार कसे होते? याचं उत्तर अगदी व्यवहारातलं आहे. पोपची निवड जिथे होते त्या सिस्टीन चॅपेलला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांचे पांढरे झगे आधीच टांगून ठेवलेले असतात.

म्हणजे ते कोणीतरी टांगतं. त्यांना इस्त्री करतं, बाजूला पादत्राणं मांडतं, काय कमी पडलंय ते बघतं. असा ‘कोणीतरी’ प्रत्येक कॅथलिक चर्चमध्ये असतो. माहीमला असतो, गिरगावात असतो, वांद्र्याच्या मोत माऊलीच्या देवळातही असतो. त्याला सॅक्रिस्टन म्हणतात. वर्षानुवर्षं चर्चला जाणाऱ्यांनाही त्याचं काम पुरतं माहीत नसतं, आणि चर्चमध्ये कधी न गेलेल्यांना तर असं काही पद आहे याचीच कल्पना नसते.

सॅक्रिस्टी म्हणजे काय, आणि सॅक्रिस्टन कोण?

चर्चमध्ये वेदीच्या मागे किंवा बाजूला एक खोली असते. फादर तिथे उपासनेचे कपडे चढवतात. चषक, पुस्तकं, मेणबत्त्या, धूप, पवित्र तेलं असं सगळं तिथेच ठेवलेलं असतं. ही सॅक्रिस्टी. तिची आणि तिच्यातल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो सॅक्रिस्टन.

देवळाच्या भाषेत सांगायचं तर हे काम गुरवाच्या जवळ जाणारं आहे. गुरव पहाटे गाभारा झाडतो, समया घासतो, बेल-फुलं आणून ठेवतो, पूजेचं ताट लावतो. नैवेद्याची वेळ, उत्सवाचा क्रम, देवाच्या दागिन्यांची पेटी हे सगळं त्याला ठाऊक असतं. सॅक्रिस्टनचंही तसंच. फरक दोन आहेत. गुरवकी बहुतेक ठिकाणी घराण्यात चालत येते, तर सॅक्रिस्टनला चर्चचे प्रमुख धर्मगुरू नेमतात. शिवाय अनेक देवळांत गुरव स्वतः पूजाही करतो. सॅक्रिस्टन मात्र मिस्सा करत नाही. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि ती फक्त दीक्षित धर्मगुरूच करू शकतात.

हे पद फार जुनं आहे. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३४ मध्ये चर्चच्या कायद्यांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात सॅक्रिस्टनच्या कर्तव्यांना स्वतंत्र शीर्षक दिलेलं आहे. आजच्या मिस्साग्रंथाच्या नियमावलीत त्याच्याविषयी जेमतेम एक वाक्य आहे: पुस्तकं, वस्त्रं आणि मिस्सेला लागणाऱ्या इतर वस्तू त्याने काळजीपूर्वक मांडाव्यात. ‘काळजीपूर्वक’ या एका शब्दात किती काम मावतं, ते पुढे बघू.

मुंबईत हे काम करणाऱ्यांची नावं वेगवेगळी आहेत. केरळहून आलेल्या सिरियन परंपरेच्या चर्चमध्ये त्याला कप्यार म्हणतात. फोर्टमधल्या १७१८ सालच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या अँग्लिकन वळणाच्या चर्चमध्ये व्हर्जर असतो; त्याचं काम थोडं वेगळं, पण नात्यातलंच.

मिस्सेच्या आधीचा एक तास

सकाळी साडेसहाची मिस्सा असेल तर सॅक्रिस्टन साडेपाचला दार उघडतो. दिवे, पंखे, माईक बघतो. पंखा नेमका वेदीवरच्या मेणबत्तीवर वारा टाकत असेल तर मिस्सा सुरू असताना ज्योत विझते, म्हणून कुठला पंखा चालू ठेवायचा हेही त्याचं ठरलेलं असतं.

मग भाकर. मिस्सेसाठी खमीर न घातलेल्या, गव्हाच्या पिठाच्या पातळ गोल चकत्या लागतात. त्या मोजून ठेवाव्या लागतात. कमी पडल्या तर रांगेतल्या शेवटच्या माणसांसाठी फादरांना तुकडे करावे लागतात. फार उरल्या तर त्या वेदीजवळच्या कुलूपबंद पेटीत ठेवाव्या लागतात, आणि तिथे त्या जुन्या होऊ न देण्याची जबाबदारी पुन्हा असतेच. म्हणून मंगळवारी किती माणसं येतात, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी किती, कुणाच्या वर्षश्राद्धाची मिस्सा असेल तर किती वाढतील, हा अंदाज त्याच्या डोक्यात पक्का असतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, चालते आणि तिथे दिवसभर सर्व धर्मांची माणसं येत राहतात. तिथला अंदाज बांधणं ही वेगळीच विद्या आहे.

दोन लहान सुरयांपैकी एकीत द्राक्षाची शुद्ध वाइन असते, दुसरीत पाणी. वाइन आंबून तिचं व्हिनेगर झालेलं चालत नाही, त्यामुळे उघडलेल्या बाटलीचा वास घेऊन बघणं हाही कामाचा भाग. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा लागू आहे आणि धर्मविधीसाठी लागणाऱ्या वाइनची त्यात वेगळी तरतूद आहे. त्यामुळे ही वाइन कुठून आली आणि किती आहे, याचा हिशेब नीट ठेवलेला बरा.

पुस्तकांचा प्रकार मुंबईत जरा अवघड होतो. एकाच चर्चमध्ये रविवारी मराठी, इंग्रजी, कोकणी, कुठे तमिळ किंवा हिंदी मिस्सा असते. प्रत्येक भाषेचा मिस्साग्रंथ वेगळा, वाचनांचं पुस्तक वेगळं. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे, तर सामान्यकाळातल्या, म्हणजे सणांचे काळ वगळून उरलेल्या आठवड्यांतल्या, इतर दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात फिरतं. चुकीच्या वर्षाचं पान उघडं राहिलं तर वाचक तेच वाचून मोकळा होतो. म्हणून पुस्तकातल्या रंगीत फिती योग्य पानावर सरकवणं हे दिसायला किरकोळ काम सॅक्रिस्टन दोनदा तपासतो.

कपडे मांडण्याची पद्धत मला विशेष आवडते. जे शेवटी घालायचं ते आधी मांडायचं. सर्वांत वरचा बिनबाह्यांचा झगा, म्हणजे चॅझ्युबल, तो टेबलावर सर्वांत खाली. त्यावर गळ्यातला लांब पट्टा, म्हणजे स्टोल. त्यावर कमरेची दोरी, आणि सर्वांत वर पायघोळ पांढरा झगा. फादर आले की हाताला येईल ते उचलत जायचं. शोधाशोध नाही, बोलावं लागत नाही. मिस्सेच्या आधीची ती पाच मिनिटं प्रार्थनेची असतात. ती शांततेत जावीत म्हणून ही सगळी मांडणी.

आज कोणता रंग?

चर्चच्या कपड्यांचा रंग फादरांच्या आवडीवर ठरत नाही, दिवसावर ठरतो. नाताळ आणि ईस्टरचा काळ पांढरा. येशूच्या दुःखसहनाचे दिवस, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) आणि हुतात्म्यांचे सण लाल. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ जांभळा. या दोन्ही काळांत एकेका रविवारी गुलाबी रंग चालतो, आणि त्या दिवशी हमखास कोणीतरी लहान मूल ‘आज गुलाबी का?’ म्हणून विचारतं. उरलेले तेहेतीस-चौतीस आठवडे हिरवा.

हे पाठ करायला सोपं आहे. गुंता होतो तो दोन गोष्टी एकत्र आल्या की. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा दिवस. काळ आगमनाचा, म्हणजे जांभळा. पण सण संताचा, आणि झेवियर आजाराने वारले, हुतात्मा झाले नाहीत, म्हणून पांढरा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण येतो. १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला त्यांना क्रुसावर मारण्यात आलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. ते हुतात्मे, म्हणून लाल. हाच दिवस रविवारी आला तर मात्र रविवार मोठा ठरतो आणि हिरवा रंग येतो. चर्चचं छापील पंचांग याचं उत्तर देतं, पण जुना सॅक्रिस्टन बहुधा ते न उघडताच सांगतो.

पाणी गटारात का ओतत नाहीत?

बाहेरच्या माणसाला सर्वांत कोड्यात टाकणारी गोष्ट ही. सॅक्रिस्टीत एक खास बेसिन असतं. त्याची नळी गटाराला जोडलेली नसते, ती थेट जमिनीत जाते.

याचं कारण कॅथलिक श्रद्धेच्या गाभ्यात आहे. मिस्सेत भाकर आणि वाइन यांवर प्रार्थना झाली की ते ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतं, असं कॅथलिक मानतात. नुसतं प्रतीक म्हणून नव्हे, खरोखर. एकदा हे मान्य केलं की पुढचं सगळं ओघाने येतं. चषकाला लागलेला थेंब किंवा ताटलीवरचा कण हा ‘उरलंसुरलं’ राहत नाही. फादर किंवा त्यासाठी नेमलेली व्यक्ती चषकात पाणी घालून ते पिऊन टाकते. वेदीवर चषकाखाली अंथरलेला चौकोनी कपडा आतल्या बाजूला घड्या पडतील असाच मिटतात, म्हणजे त्यावर पडलेला कण बाहेर सांडत नाही. आणि चषक पुसलेले कपडे आधी हाताने धुवायचे, ते पहिलं पाणी त्या बेसिनमध्ये किंवा थेट मातीत ओतायचं. व्हॅटिकनने २००४ मध्ये काढलेल्या सूचनांतही ही रीत सांगितलेली आहे.

वॉशिंग मशीन चालतं का? चालतं, पण दुसऱ्या धुण्याला. पहिलं पाणी मातीत गेल्यावर कपडा नेहमीसारखा धुवा. मुंबईत अडचण वेगळीच असते: सगळं अंगण फरशीचं किंवा पार्किंगचं, माती कुठे शोधायची? मग क्रुसाजवळची बाग, एखाद्या झाडाचं आळं. नवं बांधकाम करणाऱ्या आर्किटेक्टला ‘ही नळी गटाराला जोडू नका’ हे पटवून द्यायचं कामही शेवटी सॅक्रिस्टनकडेच येतं.

इथेच आणखी एक नेहमीचा प्रश्न. ज्यांना गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही त्यांचं काय? ग्लूटेन अजिबात नसलेली भाकर मिस्सेला चालत नाही, कारण मग ती गव्हाची भाकर उरत नाही. पण भाकर होण्यापुरतं अगदी थोडं ग्लूटेन असलेली चालते. व्हॅटिकनने २०१७ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. अशा माणसासाठीची भाकर वेगळ्या डबीत ठेवायची, दुसऱ्या भाकरीचा कणही तिला लागू द्यायचा नाही. ज्यांना तीही सोसत नाही, ते फक्त वाइनच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात. आपल्या घरात कोणाला हा त्रास असेल तर मिस्सेच्या आधीच सॅक्रिस्टीत सांगावं.

पावसाळा, खाडी आणि चांदी

आता ज्या भागाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, त्याविषयी.

उपासनेच्या वस्तू मुंबईच्या हवेसाठी बनलेल्या नाहीत. रेशीम, जर, चांदी, सोन्याचा मुलामा, लाकूड, कागद या प्रत्येकाचं आपल्या हवेशी वैर आहे. जुलैत हवेतली आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते. साधारण ६५-७० टक्क्यांपुढे बुरशीला जोर चढतो. कपाट चार महिने बंद राहिलं की ईस्टरला घातलेल्या पांढऱ्या झग्यावर पिवळे-तपकिरी ठिपके दिसतात, आणि ते बहुधा जात नाहीत.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तिच्यावर चांदीच्या सल्फाइडचा थर चढतो. खाडीच्या चिखलातून आणि सांडपाण्यातून येणारा सडक्या अंड्यांसारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्यामुळे खाडीकाठच्या चर्चमध्ये चषक लवकर काळवंडले तर त्यात नवल नाही. पण खरं नुकसान काळं पडण्याने होत नाही, ते काढताना होतं. प्रत्येक घासणीत चांदीचा किंवा मुलाम्याचा पातळ थर निघून जातो. चिंच, राख, पितळेची पावडर ही आपल्या घरातल्या समईसाठी ठीक आहे. आतून सोन्याचा मुलामा दिलेल्या चषकासाठी ती घातक आहे. चषकाचा धातू गंजणारा किंवा सोन्याहून कमी मोलाचा असेल तर तो साधारणपणे आतून सोन्याने मुलामा दिलेला असावा, असा चर्चचा नियम आहे. म्हणजे भक्तिभावाने, जोर लावून केलेली सफाई चषकच निकामी करू शकते. वापरून झाल्यावर कोमट पाण्याने धुवावं, मऊ सुती कापडाने लगेच कोरडं करावं, सुती पिशवीत ठेवावं, रबरबँड लावू नये (रबरातही गंधक असतं). एवढं केलं तरी वर्षातून फार वेळा घासावं लागत नाही.

जरीचे जुने झगे टांगून ठेवले तर जरीच्या वजनाने खांद्यावर फाटतात, आणि घडी घातली तर घडीवर तुटतात. म्हणून जुन्या सॅक्रिस्ट्यांमध्ये रुंद, उथळ खणांची भली मोठी कपाटं असतात. झगा त्यात सपाट पसरून ठेवायचा. घडी घालावीच लागली तर आत मऊ कापडाची गुंडाळी ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, ओलावा आतच कोंडतो. डांबरगोळ्या कापडावर थेट ठेवायच्या नाहीत. पावसाळा संपला की सावलीत, वाऱ्यावर पसरायचं. कडक उन्हात रेशमाचा रंग उडतो. ही भली मोठी कपाटं जागा अडवतात म्हणून काढून टाकली जातात आणि त्यांच्या जागी लोखंडी गोदरेज येतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. त्या खणांची रुंदी उगाच ठेवलेली नव्हती.

मूर्तींचंही तेच. एका जुन्या चर्चमध्ये सणाच्या आधी ‘उजळ दिसावी’ म्हणून लाकडी मूर्तीवर ऑइलपेंट चढवलेला मी पाहिला आहे. त्याखाली जुन्या कारागिराचा मूळ रंग होता. तो आता परत मिळवायचा तर तज्ज्ञाला महिने लागतील. मुंबई महाधर्मप्रांताने गोरेगाव पूर्वेला संत पायस दहावे कॉलेजात वारसा संग्रहालय उभं केलं आहे. ते २०११ मध्ये सुरू झालं. जुने झगे, चषक, मूर्ती तिथे जवळून पाहता येतात. कॅथलिक असा नसा, एकदा जाऊन या. शिंप्याने, सोनाराने आणि सुताराने किती जीव ओतला होता ते समजतं.

पवित्र आठवड्यातली धावपळ

ईस्टरच्या आधीचा आठवडा ही सॅक्रिस्टनची परीक्षा. झावळ्यांच्या रविवारी नारळाच्या कोवळ्या पात्या शेकड्यांनी लागतात. त्यातल्या उरलेल्या, वर्षभर घरोघरी जपलेल्या पात्या परत गोळा होतात, आणि त्या जाळून पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारची, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची, राख तयार होते.

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेला शुक्रवारसाठीचीही भाकर ठेवावी लागते, कारण गुड फ्रायडेला मिस्सा होतच नाही. हा हिशेब चुकला तर तो सुधारायची सोय नाही. त्या मिस्सेनंतर वेदीवरचं कापड, फुलं, मेणबत्त्या सगळं उतरवतात. वेदी उघडी राहते. घंटा मुक्या होतात, त्यांच्याऐवजी लाकडी खटखटा वाजतो. मुंबईत गर्दीमुळे हे विधी बरेचदा चर्चच्या मैदानात होतात, म्हणजे क्रूस, माईक, धुपाटणं, पुस्तकं, सगळं बाहेर न्यायचं आणि रात्री परत मोजून आत आणायचं.

शनिवारी रात्री काळोखात अंगणात अग्नी पेटतो आणि त्यावरून नवी मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस आणि त्या वर्षाचे चार आकडे असतात. जुनी चालत नाही. मग गीत सुरू होताच घंटा, दिवे, वेदीवरच्या मेणबत्त्या, सारं एकदम. दोन दिवस रिकामं असलेलं चर्च तेवढ्या वेळात भरून यायला हवं. कुठला स्विच कोणी दाबायचा हे सॅक्रिस्टनने वेदीसेवक मुलांकडून आधी घोटवून घेतलेलं असतं.

‘हे तर शिपायाचं काम!’

हा आक्षेप तोंडावर कोणी घेत नाही, पण वागण्यात दिसतो. सॅक्रिस्टनला ‘जरा खुर्च्या लाव’, ‘बाहेरून चहा आण’ सांगितलं जातं. अनेक ठिकाणी हे काम निवृत्त माणसं सेवा म्हणून, विनामोबदला करतात. जिथे पगार आहे तिथे तो मुंबईत घर चालवण्याजोगा असतोच असं नाही.

वर सांगितलेलं एकेक काम आठवा. त्याला पंचांग कळावं लागतं, चार भाषांची पुस्तकं हाताळावी लागतात, धातू आणि कापड ओळखावं लागतं, गर्दीचा अंदाज बांधावा लागतो, आणि कुलूपबंद पेटीची किल्ली त्याच्या विश्वासावर राहते. त्या किल्लीची काटेकोर काळजी घ्यावी, असं चर्चचा कायदा स्वतंत्रपणे बजावतो. हे ज्ञान बहुतांशी लिहिलेलं नाही. म्हातारा सॅक्रिस्टन जातो, आणि त्याच्याबरोबर ‘हा चषक कोणत्या कुटुंबाने दिला’, ‘हा झगा कधी शिवला’ हेही जातं. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक समाजाने, जुन्या सॅक्रिस्टनच्या हाताखाली आत्ताच एक तरुण माणूस नेमावा, त्याला रीतसर शिकवावं आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. छताच्या डागडुजीसाठी वर्गणी काढतो, तशी यासाठीही काढता येते.

स्त्रिया हे काम करू शकतात का? हो. यासाठी दीक्षा लागत नाही. अनेक चर्चमध्ये कपडे धुणं, इस्त्री, फुलं हे त्यांच्याकडेच आहे. पूर्ण जबाबदारी आणि किल्ली देण्यात चर्चचा कुठलाही नियम आड येत नाही.

‘एवढ्या महागड्या वस्तू कशाला?’

प्रश्न रास्त आहे, आणि चर्चमध्ये तो पहिल्यापासून विचारला गेला आहे. २५८ साली रोमच्या अधिकाऱ्याने लॉरेन्स नावाच्या डीकनकडे (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षित सेवकाकडे) चर्चचा खजिना मागितला. लॉरेन्स चर्चच्या मालमत्तेचे रक्षक होते. परंपरा सांगते की त्यांनी शहरातले गोरगरीब गोळा करून आणले आणि ‘हाच खजिना’ म्हणून दाखवले. ते हुतात्मा झाले. पुढे चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची सोन्याचांदीची भांडी फोडून वितळवली. विरोधकांनी टीका केली, तेव्हा त्यांनी लेखी बचाव केला: सोनं राखण्यापेक्षा माणसं राखणं चर्चला अधिक शोभतं.

म्हणजे माणूस संकटात असेल तर चषक वितळवण्याचा अधिकार परंपरेतच आहे. पण वितळवण्यासाठी तो आधी जपलेला असावा लागतो. निष्काळजीपणाने कपाटात सडून गेलेला झगा कोणत्याच गरिबाच्या उपयोगी पडत नाही. आणि मुंबईतल्या जुन्या चर्चमधल्या बऱ्याच वस्तू साध्या माणसांनी दिलेल्या आहेत. नवसाची साखळी, आईच्या बांगड्या मोडून केलेला मुलामा. त्या नीट ठेवणं हे देणाऱ्याचं देणं आहे.

या वस्तू कोणाच्या?

सॅक्रिस्टनच्या नाहीत, फादरांच्याही नाहीत. चर्चचा कायदा सांगतो की मौल्यवान आणि सांस्कृतिक महत्त्वाच्या वस्तूंची अचूक यादी असलीच पाहिजे. नवसाने आलेली किंवा कला-इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू विकायची तर थेट रोमची परवानगी लागते. देशाचा कायदाही आहे: १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे ‘जुनं झालंय, देऊन टाकू’ हे वाक्य सॅक्रिस्टीत कोणी उच्चारलं की सॅक्रिस्टनने यादी मागावी. प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, वजन, खुणा आणि कुठे ठेवली आहे ते. आज हे मोबाइलवर एका सुट्टीत होण्यासारखं आहे. चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला तोच पुरावा.

पवित्र वस्तू हात बदलतात, हे महाराष्ट्राला नवं नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही आहेत. ज्या पुजाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी त्या जवळजवळ तीनशे वर्षं सांभाळल्या, त्यांचे आपण ऋणी आहोत.

आपल्या घरातल्या वस्तू, आणि दान द्यायचं असेल तर

आशीर्वाद दिलेली मूर्ती तुटली, जपमाळ कुजली, तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. जाळावी किंवा जमिनीत पुरावी. चर्चच्या दाराशी किंवा गावठाणातल्या क्रुसापाशी गुपचूप ठेवून जाऊ नये, कारण मग ते काम सॅक्रिस्टनवर किंवा क्रूस सांभाळणाऱ्या कुटुंबावर पडतं. सॅक्रिस्टीत नेऊन सरळ विचारावं.

झगा किंवा चषक भेट द्यायचा असेल तर विकत घेण्याआधी विचारावं. लग्नाच्या वाढदिवसाला, आजी-आजोबांच्या स्मरणार्थ लोक साहजिकच पांढरा, सोनेरी, भरजरी झगा निवडतात. पण वर्षातले बहुतेक आठवडे हिरवा लागतो, आणि रोज घालून झिजतो तोही हिरवाच. मुंबईच्या उकाड्यात जाड अस्तराचा झगा मे महिन्याच्या मिस्सेत अंगावर ठेवणंही कठीण होतं. सुती किंवा हलक्या रेशमाचा, घरी धुता येईल असा, जास्त कामाला येतो. काच, माती, किंवा सहज फुटणाऱ्या कशाचाही चषक घेऊ नका, तो वापरता येत नाही. आणि वस्तूसोबत एका कागदावर देणाऱ्याचं नाव, कशासाठी दिलं आणि तारीख लिहून द्या. सॅक्रिस्टन तो यादीच्या वहीत चिकटवील.